दचक्याची नोंद

कोशातील नोंद आणि दचका यांचे स्वभाव एकमेकांच्या अगदी उलट आहेत. नोंदीचे पहिलेच वाक्य ती वस्तू काय आहे, कोणी केली आणि केव्हा केली हे उघडपणे सांगते, आणि तसे सांगितले नाही तर ती नोंदच राहत नाही; दचका मात्र आपले खरे रूप लपवून ठेवतो तोवरच जिवंत असतो, आणि एकदा उघडा पडला की त्याच्यात फारसे काही उरत नाही. त्यामुळे इंटरनेटवरच्या ‘जंप स्केअर’विषयी विकीवर लेख लिहू पाहणाऱ्यासमोर अशी एक अडचण उभी राहते, जी एखाद्या किल्ल्याविषयी किंवा कवीविषयी लिहिणाऱ्यासमोर नसते. ज्या युक्तीचे वर्णन करायचे तिच्याच मोहात लेखणी सापडते. रहस्य थोडे राखून ठेवावे, वाचकालाही जरा घाबरवावे, शेवटी ते चित्रच टाकून द्यावे असे वाटू लागते, आणि लेख कोशातून उठून दाराआड जाऊन बसतो.

दाराआड लपून आत येणाऱ्याला ‘भॉक’ करण्याचा खेळ मराठी घरांतल्या मुलांना कोणी शिकवावा लागत नाही. इंटरनेटवरचा जंप स्केअर हे त्याच खेळाचे यांत्रिक रूप होय. त्यात साधारणपणे लक्ष एका जागी खिळवणारे आमिष असते, मग शांततेचा किंवा एकसुरीपणाचा थोडा काळ जातो, आणि त्यानंतर कसलीही सूचना न देता एखादी विद्रूप मुद्रा पडद्यावर आदळते व तिच्यासोबत कान फाडणारी किंकाळी येते. निव्वळ एवढ्याचसाठी बनवलेल्या व्हिडिओला, चित्राला किंवा खेळाला ‘स्क्रीमर’, म्हणजे किंचाळणारा, असे नाव पडले आहे. जंप स्केअर आणि स्क्रीमर हे शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरले जात असले, तरी नोंद लिहिणाऱ्याने त्यांतला फरक सांभाळलेला बरा, कारण जंप स्केअर हे एक तंत्र आहे आणि ते उत्तम चित्रपटातही असू शकते, तर स्क्रीमर म्हणजे त्या तंत्रावाचून पोटात दुसरे काहीच नसलेली वस्तू. भयपटाचे तिकीट काढणाऱ्याने घाबरण्याला संमती दिलेली असते. स्क्रीमर उघडणाऱ्याला मात्र आपण एखादे कोडे सोडवत आहोत किंवा मोटारीची जाहिरात पाहत आहोत असेच शेवटच्या क्षणापर्यंत वाटत असते. ही हिरावून घेतलेली संमती हेच स्क्रीमरचे व्यवच्छेदक लक्षण असून, आमिष म्हणून काय दाखवले होते याचे नेमके वर्णन केल्याशिवाय ते नोंदीत उतरत नाही.

दचकणे आणि भिणे यांतला भेद भारतीय साहित्यशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. नाट्यशास्त्रात भयानक रसाचा स्थायी भाव म्हणून ‘भय’ सांगितले आहे. परंतु ३३ व्यभिचारी भावांच्या, म्हणजे मनात येऊन निघून जाणाऱ्या क्षणिक भावांच्या, यादीत ‘त्रास’ नावाचा एक स्वतंत्र भाव आहे. वीज कडाडणे, उल्का कोसळणे, मेघगर्जना होणे, मोठ्या जनावराने डरकाळी फोडणे ही त्याची कारणे, आणि अंग आक्रसणे व कापणे ही त्याची चिन्हे. पुढच्या शास्त्रकारांनी हा भेद आणखी स्पष्ट केला : मागचा-पुढचा विचार करून उपजते ते भय, आणि विचाराला सवडच न देता एकाएकी अंग हलवून सोडतो तो त्रास. मराठीत हा शब्द पुढे कटकट आणि उपद्रव या अर्थाला जाऊन पोहोचला, त्यामुळे स्क्रीमर पाठवणाऱ्याने त्रास दिला असे म्हटले तर ते दोन्ही अर्थांनी खरे ठरते. भयकथाकार नारायण धारपांच्या कथेतली भीती पानापानाने चढत जाते आणि पुस्तक मिटल्यावरही सोबत राहते. स्क्रीमरचा त्रास अर्ध्या सेकंदात उसळतो आणि पाच मिनिटांत ओसरतो. म्हणून ‘अत्यंत भयानक व्हिडिओ’ असे विशेषण नोंदीत येऊ लागले, की लेखकाने वर्णन भयाचे चालले आहे की त्रासाचे, हे आधी स्वतःला विचारावे.

हा त्रास शरीरात कसा घडतो, याविषयी बरेच काही निश्चितपणे सांगता येते आणि चांगल्या नोंदीत त्याला चार ओळी मिळायला हव्यात. चार्ल्स डार्विन यांनी माणसांच्या व प्राण्यांच्या भावाविष्कारावर १८७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला स्वतःवरचा एक प्रयोग नोंदवला आहे : पफ अॅडर या विषारी सापासमोरच्या जाड काचेला त्यांनी चेहरा लावला, साप झेपावला तरी मागे हटायचे नाही असा पक्का निश्चय केला, आणि सापाने काचेवर फणकारा मारताच ते एक-दोन यार्ड मागे उडाले. काच फुटणार नाही हे बुद्धीला माहीत होते; शरीराने तिला विचारलेच नाही. कार्नी लँडिस आणि विल्यम हंट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी पिस्तुलाच्या आवाजाला माणसे कशी दचकतात याचे अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण करून १९३९ मध्ये दाखवून दिले, की आधी पापण्या मिटतात, मग मान पुढे येते, खांदे वर उचलले जातात, कोपरे वाकतात, आणि हा सारा क्रम अर्ध्या सेकंदाच्या आत आटोपतो. पापणी मिटू लागायला तर सेकंदाचा पंचविसावा भागही पुरतो. हा मेंदूच्या खालच्या भागातून, मस्तिष्कस्तंभातून, चालणारा प्रतिक्षेप आहे, म्हणजे विचाराची वाट न पाहता होणारी हालचाल आहे, आणि त्यामुळे दचकणाऱ्याचा भित्रेपणाशी संबंध जोडणारी थट्टेची वाक्ये शास्त्रदृष्ट्याही चुकीची ठरतात. किंकाळीच का वापरतात, याचेही एक उत्तर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मिळते : किंकाळीच्या आवाजाची तीव्रता सेकंदाला साधारण ३० ते १५० वेळा इतक्या झपाट्याने खालीवर होते, आणि सामान्य बोलण्यात जवळपास न आढळणारा हा खरखरीतपणा ऐकणाऱ्याला धोक्याची खूण वाटतो.

नोंद लिहिणाऱ्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा प्रयोग पॉल एकमन, वॉलेस फ्रीसेन आणि रोनाल्ड सायमन्स यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. कोऱ्या काडतुसाचा बार केव्हा होणार हे लोकांना आधी सांगूनही पाहिले, तेव्हा बहुतेकांचे दचकणे सौम्य झाले, पण ते पूर्णपणे दाबून टाकणे कोणालाच जमले नाही. पूर्वसूचनेने दचका मरत नाही, फक्त लहान होतो. तेव्हा नोंदीत सारे उघड सांगितल्याने मूळ कृतीची मजा कायमची मारली जाते, ही तक्रार अर्धीच खरी आहे. उलट नोंद वाचलेला माणूस निदान हेडफोन काढून, आवाज कमी करून आणि मांडीवरचे मूल खाली ठेवून मग तो व्हिडिओ उघडतो.

तंत्राचा इतिहास सांगताना चित्रपटांपासून सुरुवात करण्याची प्रथा पडली आहे आणि ती योग्यच आहे. व्हॅल ल्यूटन यांची निर्मिती आणि जॅक टूर्नर यांचे दिग्दर्शन असलेल्या ‘कॅट पीपल’ या १९४२ च्या चित्रपटात एक स्त्री रात्री निर्जन रस्त्याने चाललेली असते, मागे कोणीतरी आहे अशी शंका वाढत जाते, आणि काळ्या बिबट्याचा हल्ला होणार असे वाटते नेमक्या त्या क्षणी फिस्कारल्यासारखा आवाज करीत एक बस चौकटीत घुसते. आवाज फक्त तिच्या ब्रेकचा असतो. चित्रपटसृष्टीत अशा फसव्या दचक्याला पुढे ‘ल्यूटन बस’ असेच नाव पडले. १९७६ च्या ‘कॅरी’मध्ये ब्रायन डी पाल्मा यांनी कथा संपली असे वाटत असताना थडग्याजवळच्या मातीतून हात बाहेर काढला, आणि शेवटचा दचका हा भयपटांचा जवळजवळ रिवाजच होऊन बसला. स्कॉट कॉथन यांनी २०१४ मध्ये आणलेल्या ‘फाइव्ह नाइट्स अॅट फ्रेडीज’ या खेळात तर रात्रपाळीच्या पहारेकऱ्याच्या अंगावर यांत्रिक बाहुले केव्हा झेपावते, याची वाट पाहणे हाच सारा खेळ आहे. परंतु ही सगळी उदाहरणे भय दाखवण्याचा करार करून पुढे आलेली आहेत. इंटरनेटची स्वतःची भर वेगळी आहे, आणि तिच्यासाठी दोन नमुने जवळून पाहावे लागतात.

पहिला नमुना ‘द मेझ’ किंवा ‘स्केअरी मेझ गेम’ या नावाने ओळखला जाणारा खेळ. जेरेमी विंटरराउड यांनी तो २००३ च्या सुमारास बनवला. माउसने एक छोटा ठिपका भूलभुलैयाच्या वाटेवरून भिंतीला न लागू देता पलीकडे न्यायचा, एवढेच खेळणाऱ्याला सांगितलेले असते, आणि भिंत लागली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पहिली पातळी सोपी असते, दुसरी जरा अवघड असते, आणि तिसऱ्या पातळीवर वाट इतकी अरुंद होते, की खेळणारा श्वास रोखून पडद्याकडे झुकतो आणि नाक जवळजवळ काचेला लागते. त्याच वेळी भूलभुलैया नाहीसा होऊन ‘द एक्झॉर्सिस्ट’ या १९७३ च्या चित्रपटातील पछाडलेल्या मुलीचा, म्हणजे लिंडा ब्लेअर यांनी साकारलेल्या रेगनचा, रंगभूषेने विद्रूप केलेला चेहरा सारा पडदा व्यापतो आणि किंकाळी फुटते. या रचनेतले चातुर्य चेहऱ्यात नाही, कारण तो उसना आहे. ते वाट निमुळती करण्यात आहे. खेळणाऱ्याला स्वतःच्या कौशल्याच्या अभिमानाने पुढे ओढून आणले जाते आणि त्याचे शरीर दचक्याला सर्वांत सोयीच्या अंतरावर नेऊन ठेवले जाते. नोंदीत ‘शेवटी भयंकर चेहरा येतो’ एवढेच लिहून ही निमुळती वाट वगळली, तर त्या खेळाविषयी सांगण्यासारखे जे होते तेच वगळले, असे म्हणावे लागेल.

दुसरा नमुना ‘के-फे’ या जर्मन कॉफी-पेयाच्या २००४ मधील जाहिरातींचा. त्यांतली मोटारीची जाहिरात सर्वांत जास्त फिरली. हिरव्यागार टेकड्यांतून वळणे घेत एक मोटार जाते, मंद संगीत चालू असते, मोटार झाडांच्या आड जाते, आणि ती पुन्हा दिसेल म्हणून डोळे त्या जागेवर लागलेले असतानाच प्रेतासारखा चेहरा किंचाळत समोर उसळतो. त्यानंतर जर्मन भाषेत घोषवाक्य येते, ज्याचा अर्थ ‘इतके जागे तुम्ही आजवर कधीच नव्हता’ असा आहे. कॉफीच्या दृष्टीने ही जाहिरात तर्काला धरून आहे आणि घोषवाक्यासह पाहिली तर ती विनोदीच ठरते. पुढे मात्र घोषवाक्य कापून टाकलेली फीत ई-मेलमधून फिरू लागली, मोटारीशेजारी भुतासारखे धुके दिसते, आवाज वाढवून नीट निरखून पाहा, अशी सूचना तिला जोडली गेली, आणि एक जाहिरात ‘भूत कॅमेऱ्यात सापडल्या’चा पुरावा होऊन बसली. ज्या वस्तूला जन्मदाखला होता तिचा दाखला फाडला गेला आणि अनाथ म्हणून ती नव्याने जगभर हिंडली. बहुतेक स्क्रीमरांचे असेच झाले आहे, आणि विकीवरील नोंदीची खरी उपयुक्तता तो दाखला पुन्हा शोधून जोडण्यात आहे.

विकी म्हणजे वाचणाऱ्यालाच दुरुस्त करता येणारे संकेतस्थळ. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये असे पहिले संकेतस्थळ सुरू केले आणि हवाई बेटांच्या भाषेतील ‘झटपट’ या अर्थाचा शब्द त्याला नाव म्हणून दिला. विकिपीडिया २००१ मध्ये आला, मराठी विकिपीडिया २००३ मध्ये. त्याशिवाय एकेका विषयाला वाहिलेल्या असंख्य विकी आहेत, आणि त्यांत दचकवणाऱ्या व्हिडिओंची यादी राखणाऱ्याही आहेत. दोन्हींची शिस्त सारखी नसते. विकिपीडियावर प्रत्येक स्क्रीमरला स्वतंत्र लेख मिळत नाही; ज्याच्याविषयी वृत्तपत्रांनी, पुस्तकांनी किंवा अभ्यासकांनी स्वतंत्रपणे आणि पुरेसे लिहिले आहे त्यालाच तो मिळतो, आणि या कसोटीला उल्लेखनीयता म्हणतात. तिथे टिकतील असे स्क्रीमर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. विषयाला वाहिलेल्या विकीवर मात्र बारीकसारीक वस्तूलाही जागा असते, आणि म्हणून शिस्तीची गरज तिथेच जास्त असते.

पहिल्या वाक्यापासून ही शिस्त दिसते. नवखा लेखक बहुधा अशी सुरुवात करतो : ‘हा इंटरनेटवरील आजवरचा सर्वांत भयंकर खेळ असून तो खेळून अनेकांची झोप उडाली आहे, तिसऱ्या पातळीवर काय होते ते स्वतःच पाहा.’ यात खेळ कोणाचा, कधीचा, कशाचा, हे काहीच नाही. आहे ते फक्त आमंत्रण, आणि तेही मूळ फसवणुकीत सामील होणारे. हेच वाक्य कोशाच्या पद्धतीने लिहिले तर असे होईल : ‘द मेझ हा जेरेमी विंटरराउड यांनी २००३ च्या सुमारास तयार केलेला फ्लॅश खेळ असून, कौशल्याचा साधा खेळ असल्याचा आभास निर्माण करून तिसऱ्या पातळीवर तो एका भयपटातील चेहरा किंकाळीसह अचानक दाखवतो.’ हे वाक्य कोरडे आहे आणि कोरडेच असायला हवे. दचक्याविषयीच्या लेखनात उद्गारचिन्ह, ठळक अक्षरे आणि लांबवत नेलेले टिंब-टिंब-टिंब यांचा जो सुकाळ दिसतो, तो मूळ कृतीच्या आवाजाशी कागदावर बरोबरी करण्याचा प्रयत्न असतो, आणि त्यात अक्षरांचा पराभव ठरलेलाच आहे.

मुख्य वर्णनात तीन गोष्टी नेमक्या हव्यात : दचका कितव्या सेकंदाला येतो, किती वेळ टिकतो आणि त्यासोबत आवाज आहे की नाही. पुष्कळ विकींवर यांऐवजी पाचपैकी किंवा दहापैकी गुण देऊन भयानकपणा मोजण्याची हौस आढळते. पण गुण देणारा कोण, त्याने तो व्हिडिओ दिवसा पाहिला की रात्री, कितव्यांदा पाहिला, हे न कळल्यामुळे त्या आकड्याला काही किंमत राहत नाही. ‘अठराव्या सेकंदाला चेहरा येतो’ हे विधान व्हिडिओ उघडून कोणालाही पडताळून पाहता येते, म्हणून मूळ कृती हाच त्याला पुरेसा आधार असतो. ‘या चेहऱ्याने एका पिढीचे बालपण बदलले’ हे विधान मात्र व्हिडिओ शंभरदा पाहूनही सिद्ध होत नाही, त्याला बाहेरचा विश्वसनीय आधार लागतो. विकिपीडियाच्या परिभाषेत दुसऱ्या प्रकारच्या निराधार विधानाला मूळ संशोधन म्हणतात. संशोधन या शब्दाला मराठीत इतका मान आहे, की ते नको असे वाचून नवा संपादक प्रथम गोंधळतो, परंतु तिथे त्याचा अर्थ स्वतःच्या मनाने काढलेला निष्कर्ष एवढाच आहे.

लुकलुकणाऱ्या प्रकाशाची नोंद मात्र ऐच्छिक समजू नये. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी ‘पोकेमॉन’ मालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश झपाट्याने लुकलुकला आणि सुमारे ६८५ जणांना, त्यांत बहुसंख्य मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. प्रकाशसंवेदी अपस्मार, म्हणजे लुकलुकत्या उजेडाने येणारी फिट, हा विकार थोड्याच लोकांना असतो, पण असणाऱ्यासाठी ती गंमत राहत नाही. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत म्हणून तयार केलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत सेकंदाला तीनपेक्षा जास्त झपके टाळावेत असे सांगितले आहे. स्क्रीमरमध्ये असे झपके असतील, तर ते नोंदीत सुरुवातीलाच आणि साध्या भाषेत लिहिले जावे.

इथून इशाऱ्यांचा प्रश्न येतो, आणि त्यावर विकींमध्ये एकमत नाही. विकिपीडियावर एकेका लेखाच्या माथ्यावर ‘हा मजकूर विचलित करू शकतो’ अशी पाटी लावण्याची पद्धत नाही; सर्व लेखांसाठी मिळून एकच सर्वसाधारण सूचना असते. कथानक फुटेल असा इशारा देण्याची चालही इंग्रजी विकिपीडियाने २००७ मध्ये जवळजवळ मोडीत काढली, कारण कोशात शेवट सांगितलेला असणारच, हे वाचकाने गृहीत धरावे अशी भूमिका पुढे आली. पण विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेच्या विश्वस्त मंडळाने मे २०११ मध्ये वादग्रस्त चित्रांविषयीच्या ठरावात ‘किमान आश्चर्या’चे तत्त्व उचलून धरले, ज्याचा अर्थ असा, की लेखाच्या नावावरून वाचकाची जी अपेक्षा असेल तिच्याशी न जुळणारे काही त्याच्यासमोर एकदम येऊ नये. हे तत्त्व मुळात संगणकप्रणाली घडवणाऱ्यांचे आहे, आणि दचक्याच्या नोंदीला ते इतके चपखल बसते, की ते तिच्यासाठीच लिहिले असावे असे वाटते. दचका म्हणजे कमाल आश्चर्य. त्याची नोंद किमान आश्चर्याची. व्यवहारात याचा अर्थ असा, की चेहऱ्याचे चित्र लेखाच्या डोक्यावरच्या चौकटीत ठेवू नये, तिथे आमिषाचे दृश्य ठेवावे. चेहरा दाखवण्याला खरोखर काही कारण असेल, जसे तो कोणत्या चित्रपटातून उचलला हे सिद्ध करणे, तर तो खाली, आकाराने लहान आणि स्पष्ट मथळ्यासह यावा. आणि आपोआप सुरू होणारा आवाज तर कधीच नसावा. चित्रच दाखवू नये असे म्हणणे टोकाचे होईल, पण ज्या लेखात ते चित्र कुठे उगवेल याचा नेम नाही, तो लेख एका परीने स्वतःच स्क्रीमर आहे.

पुराव्यांच्या बाबतीत हा विषय विलक्षण निसरडा आहे. जुने स्क्रीमर बव्हंशी फ्लॅश या तंत्रावर चालत. अडोबी कंपनीने त्याचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्या फायली चालवणेही बंद केले. अमेरिकेतील ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या संग्रहाने त्याआधीच, नोव्हेंबर २०२० मध्ये, रफल नावाच्या प्रणालीच्या साहाय्याने जुने फ्लॅश खेळ चालू ठेवण्याची सोय केली नसती, तर अनेक नोंदींतील वर्णने आठवणींच्या भरवशावरच राहिली असती. यूट्यूबवर दिसणारी तारीख ही बहुधा कृतीच्या जन्माची तारीख नसते. यूट्यूब २००५ चे आणि भूलभुलैयाचा खेळ त्याआधीचा, तरीही व्हिडिओखालची तारीख पाहून त्याला नंतरचा ठरवणाऱ्या नोंदी होतच असतात. ‘मोमो’ या नावाने पसरलेल्या चेहऱ्याचे उदाहरण तर प्रत्येक नव्या लेखकाने डोळ्यांसमोर ठेवावे असे आहे. बटबटीत डोळ्यांचा तो चेहरा जपानमधील केइसुके आइसो या कलावंताने घडवलेल्या पक्षीरूपी स्त्रीच्या शिल्पाचा होता आणि ते शिल्प २०१६ मध्ये टोकियोत प्रदर्शनात मांडले गेले होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये अशी आवई उठली, की हा चेहरा मुलांच्या व्हिडिओंमध्ये मध्येच उगवतो आणि त्यांना स्वतःला इजा करायला सांगतो. शाळांनी पालकांना पत्रे पाठवली, वृत्तपत्रांनी मथळे दिले, आणि मग मुलांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या संस्थांनी तसा पुरावा नसल्याचे सांगितले. शिल्प तोवर कुजून गेल्यामुळे टाकून दिलेले होते. या प्रकरणी वृत्तपत्रांत आले म्हणजे ते घडले असे समजणारा संपादकही चुकला असता. नोंद करायची ती अफवेची, अफवा म्हणून.

दचकलेल्या माणसांचे काय करायचे, याचा विचार सहसा सर्वांत शेवटी होतो. स्क्रीमर समोर ठेवून घरातल्या लहान मुलाचे चित्रण करायचे आणि त्याचे रडणे जगाला दाखवायचे, ही प्रथा २००६ च्या आसपास यूट्यूबवर फोफावली, आणि अशा काही व्हिडिओंची कीर्ती मूळ खेळाहून मोठी झाली. ती प्रथा होती हे सांगणे नोंदीचे कामच आहे. पण त्या मुलाचे नाव, गाव, शाळा शोधून काढून लिहिणे हे काम नव्हे, जरी ते कुठेतरी उपलब्ध असले तरी. कारण त्या मुलाने ना खेळाला संमती दिली होती, ना चित्रणाला, आणि आता तिशीकडे झुकलेल्या त्या माणसाला विश्वकोशात रडत बसवणे ही तिसऱ्यांदा केलेली तीच चेष्टा होईल.

मराठीतून अशी नोंद लिहिताना शब्दांचा प्रश्न वाटतो तितका बिकट नाही. जंप स्केअर आणि स्क्रीमर ही नावे रूढ झाली आहेत, ती तशीच ठेवून पहिल्याच उल्लेखात त्यांचा अर्थ सांगावा. त्यांच्यासाठी ‘आकस्मिक-भयोत्पादक’ असा एखादा समास घडवला, तर वाचक चेहऱ्याला नव्हे, त्या शब्दालाच दचकेल. क्रियापदांच्या बाबतीत मात्र भाषेजवळ उदंड साधन आहे. दचकणे, चरकणे, बिचकणे, धसका घेणे, छातीत धस्स होणे, काळजाचा ठोका चुकणे, पाचावर धारण बसणे या सगळ्यांच्या छटा वेगळ्या आहेत, आणि त्यांतला ‘दचकणे’ हाच एक शब्द प्रतिक्षेपाचे तंतोतंत नाव आहे. बिचकण्यात आधीपासूनची शंका असते, धसक्यात नंतर उरणारी भीती असते, पाचावर धारण बसायला तर बराच वेळ लागतो. भूलभुलैयाचा खेळ माणसाला दचकवतो. तो पाहून एखादे मूल पुढे आठवडाभर संगणकाजवळ जात नाही, तेव्हा त्याने धसका घेतलेला असतो, आणि ही दोन विधाने एका वाक्यात कोंबू नयेत, कारण पहिल्याला मूळ खेळ हा आधार पुरतो आणि दुसऱ्याला पुरत नाही.

लेख लिहून झाला तरी त्याची राखण संपत नाही, कारण इतर विषयांत क्वचित आढळणारा खोडसाळपणा इथे नेहमीचा असतो. आधार म्हणून दिलेल्या दुव्याच्या जागी कोणीतरी गुपचूप खराखुरा स्क्रीमर बसवतो, किंवा आमिषाचे चित्र काढून तिथे चेहरा चिकटवतो आणि बदलाच्या कारणात ‘शुद्धलेखन सुधारले’ असे लिहून मोकळा होतो. काही वेळा तर कोणी काही बदललेलेही नसते; जुन्या संकेतस्थळाचे नाव दुसऱ्याच्या हाती गेलेले असते आणि काल ज्या पत्त्यावर लेख होता तिथे आज वेगळेच काही उभे असते. म्हणून अशा नोंदींवर लक्ष ठेवणारे अनुभवी संपादक प्रत्येक नवा दुवा आवाज बंद करून, खिडकी लहान करून, पडद्यापासून हातभर मागे सरकून उघडतात, आणि तरीही त्यांची पापणी मिटतेच.